नळाचा दिवस

लातुरातल्या घरांमध्ये कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असतात, सिलिंडर कधी लावला ती तारीख असते आणि पाणी कधी आलं तेही असतं. आमच्या स्वयंपाकघरात दाराआड टांगलेल्या कॅलेंडरवर सासूबाई नळाच्या दिवसाला निळ्या पेनने गोल करतात. पाऊसकाळ बरा झाला असेल तर हे गोल आठवड्याला एक असे पडतात. होळी झाली की ते एकमेकांपासून लांब जायला लागतात. वेळापत्रक बदलल्याची बातमी पेपरात त्यानंतर येते. घरातल्या बाईला ती आधीच कळलेली असते.

पुण्याच्या नातेवाइकांना हे नवल वाटतं. तिथे गुरुवारी पाणी बंद म्हटलं की बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवतात. मुंबईत दहा टक्के कपात झाली की ती पहिल्या पानावर येते. आमच्याकडे हिशेब उलटा आहे, पाणी असण्याचा दिवस एक आणि बाकीचे नसण्याचे. आणि आम्हीच काही जगावेगळे नाही. मनमाडकरांनी पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर वर्षानुवर्षं सोसलं आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांना आठ दिवसांनी पाणी म्हणजे चैन वाटेल.

नळाच्या दिवशी आधी पाणी येत नाही, हवा येते. रिकाम्या पाइपातून ती फुसफुसत बाहेर पडते, तोटी थरथरते आणि सासूबाई आतून हाक मारतात, "अगं ऊठ, नळ आले!" मग पहिलं पाणी तांबूस, गढूळ. ते धरायचं नाही. आठ-दहा दिवस पाइप कोरडा पडला, की आत दाब राहत नाही आणि जिथे जोड सैल असेल तिथून गटाराचं, जमिनीतलं पाणी आत झिरपतं. पाणी सुटल्यावर तेच आधी ढकललं जातं. म्हणून पाच-दहा मिनिटं नळ मोरीतल्या बादलीत सोडून द्यायचा. ती बादली संडासाला. मग सासूबाई काचेच्या ग्लासात थोडं पाणी घेतात, खिडकीच्या उजेडाला धरतात, वास घेतात. त्या "धरा" म्हणाल्या की प्यायचं पाणी भरायला सुरुवात.

भरण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी तांब्याची घागर आणि स्टीलची तोटीची टाकी. त्यांच्या तोंडावर जुन्या सुती लुगड्याचं चौपदरी फडकं. हे फडकं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही, ते वेगळ्या खिळ्यावर वाळतं. मग कळश्या, मग स्वयंपाकाच्या पाण्याचं पिंप, मग हौद आणि शेवटी गच्चीवरची टाकी. बोअरचं पाणी आहे, पण ते सातशे-आठशे फुटांवरून येतं, खारं आहे. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. उन्हाळ्यात तेही धापा टाकत येतं. म्हणून घरात पाणी तीन प्रकारचं: प्यायचं, वापरायचं आणि सांडायचं. लहान मुलालासुद्धा कुठल्या भांड्यात तांब्या बुडवायचा आणि कुठल्यात नाही हे बोलता येण्याआधी कळतं.

पाणी एकदाच वापरायचं नसतं, हे मी सासूबाईंकडून शिकले. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला. भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात. शेवटच्या विसळणीचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या हाताला. कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात. त्यांचं माहेर रेणापूर तालुक्यातलं. आडावरून पाणी शेंदण्यात त्यांचं बालपण गेलं. पाहुण्याला त्या भरलेला तांब्या आणि रिकामं फुलपात्र देतात. लागेल तेवढं ओतून घ्या, उष्टं कुणी ठेवू नका. भरलेला ग्लास समोर ठेवला, की निम्मा तसाच राहतो आणि मग ते पाणी ना पिता येतं ना ठेवता येतं. शहरातल्या हॉटेलांनी २०१६ साली अर्धा ग्लास भरायला सुरुवात केली. आमच्या घरात तो विचार आधीपासून होता.

२०१६ बद्दल लातूरकराला फार सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांना ती रेल्वेच आठवते. लागोपाठ पावसाने दगा दिला होता आणि केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. साई आणि नागझरीचे बंधारे आटले होते. डोंगरगाव, भंडारवाडी, माकणी असं जिथे मिळेल तिथून टँकरने पाणी येत होतं. मार्चमध्ये जलकुंभ आणि टँकर भरायच्या जागांभोवती जमावबंदी लागली. पाण्यापाशी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, असा हुकूम निघणारं आपलं गाव आहे, हे वाचून त्या दिवशी मला रडू आलं होतं. बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं वसतिगृहं सोडून घरी निघाली. मग १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वॅगनची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. कृष्णेचं पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. ज्यांनी ते दिलं आणि ज्यांनी ते आणलं, त्यांचे उपकार हे गाव विसरणार नाही.

पण मला त्या गाडीचा हिशेब सारखा आठवतो. शहराची वस्ती तेव्हा चार लाखांच्या आसपास. २५ लाख लिटर म्हणजे माणशी सहा लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे. ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या आणि सगळं मिळून २५ कोटी लिटरच्या आसपास पाणी आलं. आता दुसरा आकडा बघा. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे आख्ख्या उन्हाळाभर रेल्वेने जे पाणी आणलं, देशभर ज्याची बातमी झाली, ते बारा-तेरा हेक्टर उसाचं एका हंगामाचं पाणी. तीसेक एकर. त्याच एप्रिलमध्ये क्रिकेटच्या मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि महिनाअखेरीनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगण्यात आलं. टीव्हीवर चर्चा मैदानाची झाली. तीस एकरांची झाली नाही.

उसाचं नाव काढलं की आमच्या घरात वाद होतो, कारण माझ्या माहेरी ऊस आहे. भावाचं म्हणणं साधं आहे. सोयाबीन काढलं की भाव पडतो, तुरीचा भरवसा नाही. उसाला दर ठरलेला आहे आणि न्यायला कारखाना आहे. त्याचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. ज्या पिकाचे पैसे नक्की मिळतात ते तो लावणार. तुरीला आणि हरभऱ्याला उसाइतका भरवसा मिळाला, तर भाऊ उद्या ऊस मोडेल, हे त्याने माझ्यासमोर सांगितलं आहे. म्हणून शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होणाऱ्यांचं मला पटत नाही. पण घरातल्या बाईने तांदळाचं पाणी जपायचं आणि धरणाचं पाणी कुणीच मोजायचं नाही, हेही मला पटत नाही.

धरणाचं गणित अवघड नाही. मांजराची एकूण साठवण २२४ दशलक्ष घनमीटर. त्यातलं सुमारे ४७ मृतसाठा सोडला तर उपयुक्त पाणी १७७. लातूरची वस्ती आता पाच लाख धरली आणि प्रत्येकाला मापदंडाप्रमाणे पुरेपूर १३५ लिटर दिलं, तरी वर्षाला २५ दशलक्ष घनमीटर पाणी लागेल. भरलेल्या धरणातला सातवा हिस्सा. अंबाजोगाई, केज, कळंब यांचं पिण्याचं पाणीही याच धरणावर आहे. मराठवाड्यातल्या उन्हात बाष्पीभवनही भरपूर होतं. हे सगळं वजा करूनही एक भरलेलं धरण दोन उन्हाळे लोकांची तहान भागवू शकतं, जर पहिल्या उन्हाळ्याआधीच दुसऱ्याचं पाणी बाजूला काढून ठेवलं तर.

ते बाजूला काढायची वेळ ऑक्टोबरमध्ये असते. १५ ऑक्टोबरचा साठा धरून वर्षाचं नियोजन करायची आपल्या राज्यात रीत आहे. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, शेतीला कालव्यातून पाणी सोडायच्या पाळ्या म्हणजे आवर्तनं ठरतात, पिण्यासाठी आरक्षण ठरतं. कागदावर पिण्याचं पाणी पहिलं. पण तेव्हा रान हिरवं असतं, हौद भरलेले असतात, नळाचे दिवस जवळजवळ येत असतात आणि त्या बैठकीत काय ठरलं हे विचारायला कुणी जात नाही. आपण विचारतो मार्चमध्ये. मार्चमध्ये उरतं ते फक्त व्हॉल्व्ह उशिरा फिरवणं. मला वाटतं आपल्याकडची खरी कपात ऑक्टोबरमध्ये व्हायला हवी, भरल्या धरणावर, आणि ती आधी शेताच्या पाण्याला, मग कारखान्याच्या, मग घराच्या नळाला लागायला हवी. आज हा क्रम नेमका उलटा आहे, कारण घराच्या नळाला व्हॉल्व्ह आहे आणि धरणाच्या काठावर बसवलेल्या मोटारींना नाही.

हे होऊ शकतं याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. हिवरे बाजारला पाऊस आमच्या निम्म्याने, चारशे मिलिमीटरच्या आसपास. लातूरची सरासरी साडेसातशेच्या घरात. तिथे पावसाळा संपला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. माणसांना, जनावरांना किती लागेल ते आधी वजा होतं आणि राहील त्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. ऊस नाही, शेतीला बोअर नाही. पोपटराव पवारांचं नाव त्यासाठी सगळे घेतात, पुरस्कारही झाले. पण तो ताळेबंद शहराने मांडावा असं कुणी म्हणत नाही. गाव लहान होतं म्हणून जमलं, असं उत्तर मिळतं. मला तर वाटतं शहरालाच ते जास्त सोपं आहे. आमच्याकडे एक धरण, एक मुख्य जलवाहिनी आणि मोजायला माणसं भरपूर.

मोजण्याचीच गोष्ट आहे सगळी. आपण कपात दिवसांत मोजतो. आठ दिवसांनी, दहा दिवसांनी. वरवर पाहता ती सगळ्यांना सारखी. पण दहा दिवसांनी येणारं पाणी कुणाला किती मिळणार हे त्याच्या घरात साठवायला किती जागा आहे त्यावर ठरतं. ज्याच्या अंगणाखाली दहा हजार लिटरचा हौद आहे आणि नळाला टिल्लू मोटार लावलेली आहे, त्याला कपात जाणवतच नाही. त्याची मोटार सुरू झाली की ओळीतल्या शेवटच्या घरांची धार करंगळीएवढी होते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पत्र्याच्या एका खोलीत राहतात. घरात माणसं पाच. साठवायला दोन ड्रम, चार घागरी, तेलाचे रिकामे डबे. सगळं तोंडोतोंड भरलं तरी पाचशे लिटरच्या वर जात नाही. दहा दिवस, पाच माणसं, म्हणजे माणशी दहा लिटर. अंघोळ, कपडे, भांडी, संडास, सगळं त्यातच. सहाव्या-सातव्या दिवसापासून त्या पाणी विकत घेतात. ज्यांना सगळ्यात कमी मिळालं त्यांना ते सगळ्यात महाग पडतं. नळाच्या दिवशी मावशी कामाला येऊ शकत नाहीत, कारण त्यांच्या वस्तीत पाणी येतं सकाळी, नेमकं कामाच्या वेळेला, आणि घरी भरायला दुसरं कुणी नसतं. "ताई, उद्या नळ हाय, येनार न्हाई," असं त्या आदल्या दिवशी सांगून जातात. आमच्या घरी त्यांचा त्या दिवसाचा पगार कापत नाहीत, पण त्या चार घरी जातात आणि चारही घरं तशी नाहीत. आमच्यासाठी नळाचा दिवस म्हणजे मोडलेली झोप. त्यांच्यासाठी तो बुडालेला रोज आहे.

आणि साठवलेल्या पाण्याची दुसरी किंमत आजारपणात मोजावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य विभागाच्या बाया येतात, ड्रममध्ये बॅटरी मारून अळ्या बघतात, ॲबेटचे थेंब टाकतात, दारावर खडूने तारीख लिहितात आणि सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवणीच्याच पाण्यात होतो आणि उन्हाळी हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण नळ दहाव्या दिवशी येणार असेल, तर सातव्या दिवशी भरलेला ड्रम कोण रिकामा करेल? मावशींच्या धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सांडू कसं ताई, सांडलं तर पिऊ काय?" यावर उत्तर एवढंच की ड्रमला घट्ट विणीचं फडकं दोरीने आवळून बांधायचं आणि ड्रम रिकामा होईल तेव्हा आतली कड काथ्याने खरवडून घासायची. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि ड्रम नुसता पालथा घातल्याने जात नाहीत. कोरड्यातही ती कित्येक महिने तग धरतात. मी हे आमच्या गल्लीत घरोघर जाऊन सांगते.

पाणी दिवसांनी दिल्याने ते वाचतं, हाही समज तपासून पाहायला हवा. नवं पाणी आलं की कितीतरी घरं जुनं, शिळं म्हणून ओतून देतात. पहिलं गढूळ पाणी जातं. उघड्या तोट्यांतून रिकाम्या घरांसमोर धारा वाहतात, कारण पाणी कधी येईल हे माहीत नसल्याने नळ उघडाच ठेवलेला असतो. जुन्या जलवाहिन्यांतून झिरपतं ते वेगळंच. कराडजवळच्या मलकापूरने याच्या उलट केलं. चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर, जास्त वापराल तर चढता दर. नळाला कायम पाणी आहे म्हटल्यावर लोकांनी साठवणं सोडलं, ओतून देणं सोडलं आणि वापर आवरला. मीटर म्हटलं की आमच्याकडे मोर्चे निघतात. मी मीटरच्या बाजूने आहे. पहिल्या काही हजार लिटरना जवळपास फुकट दर ठेवा, गरिबाला त्याची झळ लागू देऊ नका, पण हौदवाल्याच्या हौदात किती गेलं ते मोजा.

घराच्या हातात काय आहे, असं विचाराल तर गच्ची आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर पाणी होतं. त्यातलं पन्नास हजार जरी हाती लागलं, तरी पाच माणसांच्या घराला प्यायला-शिजवायला वर्षाला लागतं अठरा हजार. आम्ही गच्चीचा पाइप गाळणीतून हौदात आणि हौद भरला की बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडला आहे. बोअरचं पाणी अजून खारंच आहे, पण मेमध्ये ते पूर्वीसारखं तुटत नाही.

२०१६ च्या सप्टेंबरअखेर आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला आणि काही दिवसांत मांजरा भरलं. आख्खं लातूर धनेगावला पाणी बघायला लोटलं होतं. आम्हीही गेलो. माणसं पाण्याला हात जोडत होती, बायका ओट्या भरत होत्या. त्याआधी उन्हाळ्यात लोकांनी वर्गणी काढून साई ते नागझरी नदीचं पात्र खोल केलं होतं, त्याचंही समाधान सगळ्यांच्या तोंडावर होतं. पुढच्या दोन वर्षांत ऊस पुन्हा उभा राहिला. २०१९ मध्ये गोल पुन्हा दहा दिवसांवर गेले आणि त्या वर्षी गणपती विसर्जन न करता मूर्ती दान करा, असं प्रशासनाला सांगावं लागलं. लोकांनी ते ऐकलं, याचं मला फार मोल वाटतं. देवाच्या बाबतीत एवढं समजून घेणारे लोक १५ ऑक्टोबरचा आकडाही समजून घेतील. तो गंजगोलाईत, शहराच्या भर बाजारपेठेत, मोठ्या फळ्यावर लिहा: धरणात एवढं आहे, पिण्यासाठी एवढं राखलं, शेतीला एवढं सोडणार, पुढच्या जूनला एवढं उरेल. मग दर महिन्याला तो बदला. पैसा लागत नाही, खडू लागतो.

मीटर यायला वर्षं जातील. फळ्यासाठीही बरीच पत्रं लिहावी लागतील. सध्या मावशींच्या वस्तीतल्या बायकांनी एक अर्ज तयार केला आहे. त्यांचं मागणं एकच आहे, नळ संध्याकाळी सहानंतर सोडावा, म्हणजे रोज बुडणार नाही. त्यासाठी धरण भरायला नको, नवी पाइपलाइन नको, फक्त व्हॉल्व्ह फिरवायची वेळ बदलायची आहे. त्यांची सकाळची पाळी आमच्या गल्लीने घ्यायची तयारी आहे, असं त्याच अर्जाखाली आमच्या गल्लीतल्या घरांनी लिहून दिलं आहे. पहिली सही सासूबाईंची आहे.